विळ्यापासून यंत्रापर्यंत : मेळघाटातील गवतकापणी

दसरा आटोपला की सिपना नदीच्या खोऱ्यातील सेमाडोहचा हिरवा रंग उतरू लागतो. पावसाळाभर वाढलेले गवत कमरेपर्यंत आलेले असते, त्यावर तुरे डोलू लागतात आणि सागाच्या जंगलातील मोकळ्या जागा हळूहळू पिवळ्या पडतात. गवत कापण्याचे दिवस हेच. शहरातील वाचकाला गवत कापणे म्हटले की बंगल्यापुढच्या किंवा क्रिकेटच्या मैदानातील हिरवळीवरून फिरणारे यंत्र आठवते. इंग्लंड-अमेरिकेत तर घरामागच्या हिरवळीवर बसून चालवायचे जुने यंत्र ही अनेकांच्या बालपणाची खूण आहे. वऱ्हाडातील बालपणात तीच जागा विळ्याची आहे. मात्र हौसेची हिरवळ आणि पोटाचे गवत यांत मोठे अंतर असते. मेळघाटात गवत कधी कापायचे, कोणी कापायचे आणि किती राखायचे, या तीन प्रश्नांवर गुरांची वैरण, उन्हाळ्यातील वणवे आणि वाघाचे भक्ष्य अशा तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

परिसर

सेमाडोह हे अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील गाव. परतवाड्याहून घटांगमार्गे हरिसाल व धारणीकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन संकुलामुळे गावाचे नाव शहरी पर्यटकांच्या ओळखीचे झाले आहे. सिपना ही तापीच्या खोऱ्यातील नदी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, असे सांगितले जाते. सागाचे वर्चस्व असलेले कोरडे पानझडी जंगल, बेसाल्टच्या डोंगररांगा आणि त्यांमधील सपाट माळ अशी येथील भूरचना आहे. गाविलगड डोंगररांगेतील वैराटचे शिखर ११७८ मीटर उंच आहे.

१ एप्रिल १९७३ रोजी देशात व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली. तिच्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. या डोंगरांत प्रामुख्याने कोरकूंची वस्ती असून गवळी, गोंड, निहाल, बलई आदी समाजही पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून त्या कुळातील भाषांपैकी ती सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाते. कोरकू गावांची गुरे राखण्याचे काम परंपरेने थाट्या करीत. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत बासरी आणि घुंगरांच्या तालावर त्यांचे नृत्य रंगते. हाच मेळघाटचा प्रसिद्ध घुंगरू बाजार. गुरे, चराई आणि गवत यांचे येथील जीवनातील स्थान त्यावरून लक्षात यावे. चिखलदरा परिसरातील गवळ्यांचा दुधाचा आणि खव्याचा व्यवसायही याच गवतावर उभा राहिला.

गवत एक नव्हे, अनेक

शहरी नजरेला गवत सारखेच दिसते. ते कापणाऱ्याला मात्र प्रत्येक जातीचा स्वभाव ठाऊक असतो. मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची उत्तम गवते. ती गुरे आवडीने खातात आणि वाळवून साठवताही येतात. कुसळी हे माळरानावरचे काटक गवत. कोवळे असताना ते चांगला चारा ठरते. दाणा पक्व झाल्यावर मात्र त्याचे टोकदार कुसळ कपड्यांत, गुरांच्या कातडीत आणि तोंडात रुतते. या कुसळाला पीळ असतो. हवेतील ओलाव्यानुसार तो पीळ सुटतो व पुन्हा बसतो, आणि त्या हालचालीने दाणा जमिनीत शिरतो. गवताची ही स्वतःची पेरणी होय. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखविणारी म्हण ज्यांनी घडविली, त्यांचा या गवताशी रोजचाच संबंध असला पाहिजे.

डोंगरउतारावरील रोशा गवताची कथा निराळी आहे. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पण फुलोऱ्यात कापून भट्टीवर चढविले असता त्यातून गुलाबासारख्या वासाचे तेल निघते. खानदेश, निमाड आणि वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे एकोणिसाव्या शतकात या तेलासाठी प्रसिद्ध असलेले प्रदेश होते. मुंबईमार्गे हे तेल तुर्कस्तानात जाई आणि तेथे महागड्या गुलाब अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात बराच काळ ते तुर्की जिरेनियम तेल या नावाने ओळखले गेले. सातपुड्याच्या उतारावर विळ्याने कापलेले गवत गुलाबाच्या नावाने जगभर विकले जात होते, ही गोष्ट आज फारशी कोणाला माहीत नाही.

कापणीची वेळ

झाडाचा शेंडा खुडला की त्याची सरळ वाढ थांबते. गवताचे तसे नसते. त्याचा वाढीचा भाग जमिनीलगत, पेराच्या बुडाशी असतो. त्यामुळे वरचे पाते कापले किंवा गुराने खाल्ले तरी ते पुन्हा वाढते. बागेतील हिरवळ दर आठवड्याला कापता येते ती याच कारणाने, आणि कुरणे हजारो वर्षे चरून संपत नाहीत तीही याच कारणाने. अट एकच. गवताला सावरायला वेळ मिळाला पाहिजे. सतत बुडापासून ओरबाडले गेले तर मुळांतील साठा संपतो, चांगल्या जाती मागे पडतात आणि तरोटा, रानतुळस, घाणेरी, गाजरगवत अशी गुरे न खाणारी झुडपे व तणे जागा बळकावतात.

दुसरा मुद्दा पोषणाचा. गवत फुलोऱ्यात असताना त्यात प्रथिने अधिक असतात. दाणा भरल्यावर देठ कडक होतो, तंतू वाढतात आणि चाऱ्याचा कस उतरतो. म्हणून वैरणीसाठी फुलोऱ्यात कापणी करणे सर्वांत फायद्याचे. परंतु सर्वच गवत त्या वेळी कापले तर पुढील वर्षासाठी बी जमिनीवर पडणार नाही. जाणता कापणारा म्हणूनच काही पट्टा बियाण्यासाठी उभा ठेवतो.

नेमक्या याच काळात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, वऱ्हाडच्या मैदानी भागात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. मेळघाटातील असंख्य कुटुंबे मजुरीसाठी तेव्हा डोंगर उतरतात. गवताची उत्तम वेळ आणि रोख मजुरीची वेळ एकाच पंधरवड्यात येते. मजुरीचे पारडे जड ठरणे स्वाभाविक आहे. मागे राहिलेले गवत वाळते, त्याचा कस जातो आणि फेब्रुवारीनंतर ते जळण बनते.

विळा आणि बालपण

वऱ्हाडात आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या डाव्या हाताच्या करंगळीवर एक पांढरी रेघ सापडते. ती विळ्याची खूण. डाव्या मुठीत गवत धरायचे, उजव्या हातातील विळा जमिनीलगत ठेवून स्वतःकडे ओढायचा, हे कापणीचे तंत्र. मुठीत सर्वांत खाली करंगळीच असते. लक्ष विचलित झाले की पहिला वार तिच्यावर. अशा वेळी शेताच्या धुऱ्यावरचीच कंबरमोडी उपटायची, तिचा पाला तळव्यावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा, हा घरोघरचा उपचार होता.

शाळा सुटल्यावर दप्तर टाकून विळा व दोर घेऊन धुऱ्यावर जाणे, म्हशीपुरता भारा कापणे आणि दिवेलागणीच्या आत परतणे, हा अनेक घरांतील मुलांचा नेम असे. कापणीचे धडे कोणी वेगळे शिकवीत नसे. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने झोडपायचे, कारण तेथे घोणस असू शकते. हिरवा चारा सकाळी दव असताना कापला तरी चालतो, पण साठवणीचे गवत दव उडाल्यावरच कापायचे, नाही तर गंजीत बुरशी धरते. गंजी दमट राहिली तर आतून तापते आणि प्रसंगी पेटही घेते. भारा बांधताना जाड बुडखे एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या बाजूला ठेवायचे, म्हणजे तो डोक्यावर तोल धरतो. लहान मुलाच्या डोक्यावर भारा चढला की डोळ्यांपुढे वाट दिसण्यापुरती फट उरे, आणि दुरून पाहणाऱ्याला गवतच चालत येत असल्याचा भास होई.

या आठवणी आता शहरांत रमणीय वाटतात. तथापि आठवण आणि काम यांतील फरक विसरून चालणार नाही. अमरावती-अकोल्यात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्यांसाठी विळा हा बालपणाचा भाग असतो. डोंगरातील मुलांपैकी अनेकांसाठी तो शाळा बुडण्याचे कारण होता. मेळघाटातील कुपोषण १९९३ मध्ये राज्यभर चर्चेत आले, तेव्हा या भागातील मुलांच्या वाट्याला येणाऱ्या कष्टांकडेही लक्ष वेधले गेले.

रमणे ते ई-क्लास

गवतावर हक्क कोणाचा, हा प्रश्न वऱ्हाडात जुना आहे. १८५३ च्या तहानुसार निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. त्यानंतर जंगलांची मोजणी आणि वर्गवारी झाली. इमारती लाकडाची जंगले ‘अ’ वर्गात, गवताचे रमणे व बाभळीची बने ‘ब’ वर्गात, तर चराईची जंगले ‘क’ वर्गात, अशी ती विभागणी होती. रमणा म्हणजे गुरांना बंद ठेवून केवळ कापणीसाठी राखलेले गवताचे रान. गवत हे सरकारी उत्पन्नाचे साधन मानून त्याला स्वतंत्र वर्ग देणारी ही व्यवस्था लक्षणीय होती. परंतु तिच्यामुळेच, जे गवत आजवर मोकळेपणाने कापले जात होते त्यासाठी परवानगी आणि शुल्क आले.

गावालगतच्या सार्वजनिक चराईच्या जमिनी पश्चिम विदर्भात आजही ‘ई-क्लास’ या नावाने ओळखल्या जातात. शेतीची अतिक्रमणे, घरकुले आणि विविध प्रकल्प यांमुळे त्यांचा संकोच होत गेला. या माळांवर केवळ गुरे जगत नाहीत. अकोला-वाशीम भागातील गवताळ माळांवर तणमोर हा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात आढळतो. त्याचा नर गवताच्या वर उड्या मारून मादीला आकर्षित करतो, आणि मादी गवतातच जमिनीवर अंडी घालते. जागतिक पातळीवर २०२१ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त गटात झाली. पावसाळा संपण्यापूर्वी माळ कापला वा चारला गेला तर त्याचे घरटे वाचत नाही. या पक्ष्याच्या रक्षणासाठी वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील संवेदना ही संस्था फासेपारधी समाजाला सोबत घेऊन काम करीत आली आहे.

मेळघाटातील राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुरे चारण्यास मनाई आहे. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याने चराई व गौण वनोपजांवरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली. व्याघ्र प्रकल्पाबाहेर, मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाने या हक्काच्या बळावर उजाड जंगल पुन्हा उभे केले. त्याबद्दल गावाला २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. हक्क आणि जबाबदारी एकाच हाती आल्यास काय घडते, याचे ते जवळचे उदाहरण होय.

यंत्राची वाटचाल

गवत कापणाऱ्या यंत्राचा जन्म शेतात झाला नाही, तो कापडगिरणीच्या परिसरात झाला. इंग्लंडमधील स्ट्राउड गावाजवळच्या एडविन बडिंग या यंत्रज्ञाने लोकरी कापडावरील लव कातरणारे यंत्र पाहिले आणि त्याच तत्त्वावर १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. फिरत्या रुळावरील वक्र पाती आणि खालची स्थिर पट्टी यांच्या कात्रीत गवत सापडते, ही त्याची रचना. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत ते सुरुवातीच्या काळातच वापरात आले. तोवर श्रीमंतांच्या हिरवळी राखण्यासाठी मोठ्या कोयत्यांनी गवत कापणाऱ्या मजुरांच्या फौजा लागत किंवा मेंढ्या सोडाव्या लागत.

पुढे घोड्याने ओढायची यंत्रे आली. हिरवळीवर टापा उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट चढविले जात. १८९० च्या दशकात वाफेवर चालणारी यंत्रे निघाली आणि १९०२ मध्ये इंग्लंडमधील रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे पसरली, प्रत्येक घरापुढे हिरवळ आली आणि लहान ट्रॅक्टरसारखे, बसून चालवायचे यंत्र घरोघरी पोहोचले. शेजाऱ्यांची हिरवळ कापून मिळविलेले पैसे ही तेथील कित्येक मुलांची पहिली कमाई. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही त्याच प्रथेत वाढली.

भारतात या यंत्राला घोड्याऐवजी बैल जुंपले गेले. ताजमहालाच्या बागेत बैलांच्या मागे चालणाऱ्या कापणी यंत्राची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. मेळघाटात मात्र हिरवळीचे यंत्र निरुपयोगी. रुळाचे यंत्र आखूड, एकसारख्या गवतासाठी आणि सपाट जमिनीसाठी बनलेले असते. कमरेएवढे गवत, मधूनमधून दगड आणि उतार असेल तर ते अडकते. अलीकडे वऱ्हाडात खांद्याला अडकवून चालवायचे इंजिनाचे ग्रास कटर आले आहेत. धुरे, फळबागा आणि रस्त्याच्या कडा ते झपाट्याने साफ करतात. एका माणसाच्या दिवसाच्या कामाला त्यांना फार थोडा वेळ पुरतो.

मात्र यंत्र निवड करीत नाही. मारवेल आणि तरोटा, पवन्या आणि सागाचे रोप, सर्व काही त्याच्या पात्याखाली सारखेच. विळा चालविणारा एकेक मूठ पाहून धरतो. नको ते तण मुळासकट उपटतो, रोप वगळतो, पक्ष्याचे घरटे दिसले तर बाजूने जातो. बागेसाठी एकसारखे कापणे हा गुण आहे, कुरणासाठी तोच दोष ठरू शकतो.

गवत आणि आग

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. पानझडीमुळे जमिनीवर पाचोळा साचलेला असतो आणि न कापलेले गवत कोरडे ठणठणीत झालेले असते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग, विडीचे थोटूक, क्वचित सूडबुद्धी, यांपैकी कोणतेही कारण पुरते. म्हणूनच हा काळ सुरू होण्याआधी वनविभाग जाळरेषा तयार करतो. ठरावीक रुंदीचा पट्टा निवडून त्यातील गवत कापायचे, वाळू द्यायचे आणि नियंत्रित पद्धतीने जाळायचे, म्हणजे पुढे आग आली तरी तेथे तिला खाद्य मिळत नाही. हे काम प्रामुख्याने स्थानिक मजूरच करतात. वारा कोणत्या अंगाने येईल, कोणते गवत भडकेल आणि कोणते नुसते धुमसेल, हे त्यांच्या अनुभवाचे ज्ञान असते. जाळरेषेची आखणी नकाशावर होते, तिचे यश मात्र त्या अनुभवावर ठरते.

गावे गेली, कुरणे आली

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील गावांचे पुनर्वसन हा मेळघाटच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल होय. २००१ ते २००३ या काळात बोरी, कोहा आणि कुंड ही गावे अकोला जिल्ह्यातील अकोट परिसरात हलविण्यात आली. पुढील दशकात वैराट, चुर्णी, पस्तलई आदी गावे हलली, आणि त्यानंतर अकोट बाजूची आणखी काही. मोकळ्या झालेल्या शेतांवर गवत उगवले. गवा, सांबर, नीलगाय अशा तृणभक्षी प्राण्यांना त्यामुळे विस्तीर्ण कुरणे मिळाली. तृणभक्षी वाढले तर वाघ टिकतो, हे त्यामागचे गणित. १९९७ मध्ये शतकाहून अधिक काळानंतर महाराष्ट्रातच पुन्हा सापडलेला रानपिंगळा हा पक्षीही मेळघाटात आहे. सरडे, उंदीर टिपण्यासाठी त्याला जंगलातील मोकळ्या, गवताळ जागा लागतात.

परंतु पडीक शेत आपोआप उत्तम कुरण होत नाही. पहिली काही वर्षे तरोटा, रानतुळस आणि घाणेरी यांचेच राज्य असते. त्यांना बी धरण्यापूर्वी उपटावे लागते, चांगल्या गवताचे बी गोळा करून पसरावे लागते, आणि हे सारे वर्षानुवर्षे करावे लागते. या कामासाठी गवताच्या जाती ओळखणारी माणसे हवीत. आणि ती ओळख ज्यांच्याकडे होती, त्यांपैकी अनेक जण आता मैदानात राहतात. तेथे गुरांपुढे डोंगरातील पवन्या नसतो, सोयाबीनचे कुटार असते. चराईचे रान नसल्याने गुरे कमी झाली, आणि गुरांबरोबर विळाही भिंतीला लागला. पुनर्वसित गावांतील सोयी व शेतजमिनीबाबत तक्रारी राहिल्या. जानेवारी २०१९ मध्ये काही कुटुंबे जुन्या गावी परतली, तेव्हा वन कर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्षही झाला. गावे हलविताना घरे आणि जमिनी मोजल्या गेल्या. गवताचे ज्ञान मोजण्याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नव्हता.

सेमाडोहसारख्या गावांत ते ज्ञान अजून शिल्लक आहे. कुरणविकासाच्या आणि जाळरेषेच्या कामांत त्याचा उपयोग होतो, पण तो बहुधा रोजंदारीच्या मजुराचा उपयोग म्हणून. कोणते गवत कधी कापावे हे सांगणाऱ्याचा सल्ला म्हणून त्याची नोंद झाली, गवतांची कोरकू नावे व त्यांचे गुण लिहून ठेवले गेले, तर ते व्याघ्र प्रकल्पालाही हिताचे ठरेल. विकत घेतलेले यंत्र एका दिवसात डोंगरावर पोहोचते. कोणते गवत राखायचे हे कळायला मात्र एक बालपण लागते, आणि असे बालपण मेळघाटात दर वर्षी कमी होत आहे.